खापरं, देव आणि आमचे नाना

म्युझियममध्ये नोकरी केली की मूर्तींपेक्षा किस्सेच जास्त साठतात. मूर्ती निदान हलवता येतात, किस्से डोक्यातून हलत नाहीत! स्वातंत्र्यानंतरच्या त्या वर्षांत मी धुळ्याच्या एका लहानशा म्युझियममध्ये मदतनीस होतो. प्रमुख आमचे नाना. तापीकाठची गावं सायकलवर पालथी घालून सगळा संग्रह त्यांनी एकट्याने जमवलेला.

एकदा मोठे पाहुणे आले. नानांनी हजारो वर्षांपूर्वीची रंगीत खापरं हातात घेऊन दाखवली, नक्षी समजावली. पाहुण्यांनी मान डोलावली आणि जाताना नानांच्या खांद्यावर हात ठेवला. "एक अर्ज करा. नवी मडकी मंजूर करून देतो!"

एरवी शुकशुकाट, उन्हाळ्यात मात्र गर्दी! बाहेर धुळ्याचं ऊन, आत गार फरशी. माणसं शेषशायी विष्णूसमोर पंचे पसरून खुशाल घोरायची. नानांनी एकाला हलवलं, "उठा, हे म्युझियम आहे." तो डोळे न उघडता म्हणाला, "देव झोपेल शे ना? मंग माले का बरं उठाडतस?"

शिंदखेड्याकडे एका खेड्यात शिलालेख असल्याचं कळलं. आम्ही धावलो. विहिरीजवळ एक बाई त्याच्यावर धुणं आपटत होती. अक्षरं जवळजवळ गेलेली. नाना खाली बसले, एखादी ओळ तरी लागेल म्हणून बोटांनी चाचपत राहिले. शेवटी दगड उचलायला माणसं बोलावली, तर बाई रडवेली झाली. "भाऊ, आत्ते कोठे हाऊ दगड गुळगुळीत झाया, आन् आत्तेच तुम्ही उचली ली चालनात?"



मग हुकूमच आला. हॉल दुसऱ्या ऑफिसला हवा; चांगल्या मूर्ती मुंबईला, उरलेलं गोडाऊनमध्ये. नाना मुंबईला जाऊन साहेबांपुढे हात जोडून आले. काही उपयोग झाला नाही. पेट्यांत प्रत्येक मूर्तीभोवती पेंढा त्यांनी स्वतः भरला. खिळे ठोकायला मात्र मला सांगितलं.

पेट्या गेल्या आणि नवरात्र लागलं. एक म्हातारी आली. तिच्या शेतात सापडलेली देवी आमच्याकडे होती. दर नवरात्रात ती नारळ घेऊन देवीला भेटायला यायची. रिकामा चौथरा बघून ती थबकली.

"नाना, देवी कोठे गयी?"

"मुंबईला, अक्का."

म्हातारीने नारळ चौथऱ्यावर ठेवला. दारापर्यंत गेली आणि वळली.

"तठे तिनासंगे आपली बोली बोलनारं कोनी शे का?"