आत माया नसलेली पँट

खांदेश्वरच्या आमच्या सोसायटीत एका रविवारी 'कमी कपडे, टिकाऊ कपडे' असा कार्यक्रम झाला. त्यासाठी प्रत्येकाने घरातले पाच जुने कपडे जमा करायचे होते, आणि शेजारच्याच टेबलावर नवे टिकाऊ कपडे विकायला मांडले होते. मला तिथेच संशय आला. मग जमा झालेल्या ढिगात माझी करडी पँट दिसली.

ती मी चौदा वर्षं वापरतोय. शिवताना टेलरने शिलाईच्या आत भरपूर माया सोडली होती. कंबर वाढली तशी मी पँट दोनदा उसवून घेतली, आणि अजून एकदा पुरेल एवढं कापड आत आहे.

"अहो, राहू द्या ती तिथे," बायको हळूच म्हणाली. "लोक बघतायत."

मी टेबलावरची एक नवी पँट उलटी करून पाहिली. शिलाईपलीकडे बोटभरही कापड नव्हतं.

"ही किती टिकेल?" मी व्याख्यान देणाऱ्या बाईंना विचारलं.

"दहा वर्षं आरामात, काका."

"कापड टिकेल हो. पोट वाढलं तर?"

"मग पुढचा साइज घ्यायचा," त्या म्हणाल्या.

मी ढिगातून माझी पँट ओढून काढली. माझे चारच कपडे भरले, त्यामुळे 'जबाबदार ग्राहक' हे प्रमाणपत्र मला मिळालं नाही. बायकोला मिळालं. कपाटात जागा झाली म्हणून तिने दोन टिकाऊ कुर्तेही घेतले. आता माझी पँट ठेवायला तिथे जागा नाही, असं ती म्हणते.