जरा बरं नाही

इथे आखातात, सालमियातल्या ऑगस्टच्या दुपारी समुद्राकडून जी दमट वाफ येते तिला भिजलेल्या जुन्या दोरखंडासारखा खारट वास असतो. खिडकीच्या काचा बाहेरून घामेजतात, एसीचं पाणी खालच्या पत्र्यावर एकसुरी ठिबकत राहतं, आणि दुपारच्या असरच्या नमाजाची अजान संपता संपता माझ्या हॉलमध्ये चार-पाच बायका कपाळ टिपत येऊन बसतात. त्यांना मी इंग्रजी शिकवते. व्याकरणाचं पुस्तक उघडलं की त्यांच्या डोळ्यांवर झापड येते, म्हणून मी कप, बशी, खुर्ची, दार एवढाच संसार मांडते. कप टेबलावर आहे. कप बशीच्या अगदी शेजारी आहे. चमचा थेट खुर्चीखाली गेला. वेलची घातलेल्या चहाचा वास दरवळत असतो आणि बायका हसत हसत, अडखळत, परक्या भाषेत आपल्याच घरातल्या वस्तूंच्या जागा सांगत असतात.

मोठ्या शब्दांची मला भीती वाटत नाही. लिव्हर, इंजेक्शन, एअरपोर्ट हे शब्द कुणालाही कळतात. खरी मेख असते ती त्यांच्या आधी अंग चोरून उभ्या राहिलेल्या चिमुकल्या शब्दांत. ‘आफ्टर लंच’ म्हटलं तर जेवणानंतर. पण ‘राइट आफ्टर लंच’ म्हटलं की हात धुऊन तडक, आणि ‘लाँग आफ्टर लंच’ म्हटलं की आलेला माणूस ताटकळत बसणार हे नक्की. नुसतं ‘बियॉन्ड’ म्हणजे पलीकडे, पण त्याआधी ‘जस्ट’ आला तर हात लांबवून पोचता येईल इतकं पलीकडे आणि ‘वेल’ आला तर हाताबाहेर. आपल्याकडेही काय निराळं आहे? घरामागे, अगदी घरामागे, पार घरामागे, या तीन जागांवर तीन वेगळी माणसं राहतात. एकाच शब्दावर मी तास घालवते म्हणून नवरा मला हसतो. हसू दे बापडा.

या छोट्या शब्दांचा मी घेतलेला धसका इंग्रजीतून आलेला नाही; तो आपल्या मराठीतूनच आला. काही वर्षांपूर्वी पुण्याहून दादाचा फोन आला होता. “बाबांना जरा बरं नाही, जमलं तर येऊन जा.” परदेशात राहणाऱ्या आपल्या माणसांना या वाक्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. शेजारणीला असा फोन आला की आम्ही बाकीच्या एकमेकींकडे बघतो आणि मुकाट्याने तिची बॅग भरू लागतो. पण स्वतःवर वेळ आली तेव्हा माझी अक्कल गहाण पडली. ‘जरा’ या शब्दाला मी बुडत्याने काडीला धरावं तशी धरून बसले. बाजारात गेले, बदाम घातलेला खजूर घेतला, गुडघ्यांना बांधायचा लोकरी पट्टा घेतला, विमानात त्यांच्याशी काय काय बोलायचं ते ठरवलं. घरी पोचले तर दारात चपलांचा खच, आणि बाबांच्या पलंगाच्या जागी जमिनीवर एक पणती. कुणीतरी माझ्या हातातली पिशवी हळूच काढून घेतली. “तू एकटी होतीस, एवढा प्रवास कसा केला असतास?” असं दादा नंतर म्हणाला. त्याची माया खोटी नव्हती. पण त्या प्रवासभर रडण्याचा माझा हक्क त्याने काढून घेतला, याचा राग अजून गेलेला नाही, आणि तो जाईल असंही मला वाटत नाही.

झुलेखाभाभी माझ्याकडे आल्या त्या गेल्या हिवाळ्याच्या अखेरीस, धुळीचा पिवळा पडदा शहरावर ओढलेला असताना. आमच्या इमारतीच्या तळाशी जो बकाला आहे, दूध-पाव-साबणाचं एका माणसाला पुरेल एवढं दुकान, तो त्यांच्या नवऱ्याचा, उस्मानभाईंचा. माणूस रत्नागिरीकडचा, समुद्रकाठच्या एका लहानशा गावचा. माझी मुलगी चालायला लागल्यापासून तिच्या मुठीत एक गोळी कोंबल्याशिवाय त्यांनी तिला कधी दुकानाबाहेर सोडलं नाही. त्या हिवाळ्यात ते पिवळे पडले, मग रोडावले, मग हॉस्पिटलात गेले, आणि दुकानाचं शटर दुपारीही खाली दिसू लागलं.

“मना इंग्लिश शिकवा, टीचर,” भाभी उंबऱ्यातच म्हणाल्या. कशासाठी, असं मी विचारलं. त्या काही क्षण ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. “डॉक्टर लय वेळ बोलतो. आणि साजिद मना थोडकाच सांगतो.”

साजिद त्यांचा पुतण्या, इथल्याच दस्मान भागातल्या एका ऑफिसात हिशेबनीस, सालस आणि हळवा. त्याला गावाकडच्या थोरल्या चुलत्यांनी बजावलेलं होतं, की चाचीला काही बोलू नकोस, ती खचेल. त्यामुळे उस्मानभाईंना सगळे सांगत, बरा झालास की गावी जाऊ. उस्मानभाई भाभींना सांगत, बरा झालो की दुकानाला रंग काढू. आणि भाभी परत त्यांना तेच सांगत. सगळं घर एकमेकांच्या अंगावर पांघरूण घालत होतं आणि आत माणूस गुदमरत होता. त्या माणसाला आपल्या घरी, आपल्या पडवीत, जिवंत पोचायचं होतं. त्याला वेळ किती उरला होता हे मात्र ज्यांना ठाऊक होतं ते बोलत नव्हते.

भाभी झपाट्याने शिकल्या. कप-बशी त्यांना दोन-चार दिवसांत कंटाळवाणी झाली. त्यांनी स्वतःचं वाक्य आणलं: माझं घर समुद्राजवळ आहे. “निअर द सी,” मी म्हटलं. त्यांनी मान हलवली. जवळ नाही, टीचर, भरतीला पाणी पायरीला लागतं. मग मी त्यांना ‘राइट बाय द सी’ दिलं. तो शब्द त्यांनी एखादा दागिना पारखावा तसा पुन्हा पुन्हा उच्चारून पाहिला, आणि जाताना जिन्यात स्वतःशीच म्हटलेला मी ऐकला.

मग जुलैच्या अखेरीस एका सकाळी त्या मला हॉस्पिटलात घेऊन गेल्या. फिनाइलचा आणि उदाचा मिसळलेला वास, स्वच्छ पांढरा निर्दय उजेड, आणि इजिप्तचा एक थकलेला, सौम्य डॉक्टर. इंग्रजी त्याचीही परकीच भाषा, म्हणून तो प्रत्येक शब्द जपून टाकत होता. “इट हॅज स्प्रेड वेल बियॉन्ड द लिव्हर,” तो म्हणाला. साजिदने घसा खाकरला. “चाची, लिव्हरच्या जरा बाहेर आलंय बोलतात. दवा चालू ठेवायची.”

पुन्हा तेच ‘जरा’. आता बोलावं की गप्प बसावं? मी तोंड उघडणार एवढ्यात भाभींनी साजिदच्या मनगटावर हात ठेवला आणि डॉक्टरकडे बघून विचारलं, “वेल बियॉन्ड?” डॉक्टरने त्यांच्याकडे बहुधा पहिल्यांदाच नीट पाहिलं. “येस, सिस्टर.” त्या रडल्या नाहीत. त्यांनी पुढचं वाक्य जुळवलं, ते जुळवताना त्यांचे ओठ हलत होते. “कॅन ही फ्लाय?”

ऑक्सिजन सोबत असेल तर, आणि गेलात तर याच आठवड्यात, असं तो म्हणाला. भाभी साजिदकडे वळल्या. “तिकीट काढ. आजच.” साजिद कॉरिडॉरमध्ये जाऊन भिंतीकडे तोंड करून लहान मुलासारखा हुंदके देऊ लागला. इतके दिवस ते ओझं एकट्याने वाहून तो पार मोडून गेला होता, बिचारा.

भाभी आत गेल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं. आत काय झालं ते त्यांनीच मला नंतर सांगितलं. सगळं खरं सांगून झाल्यावर उस्मानभाई म्हणाले, “मग आपण इथे कशाला थांबलोय?” त्यांचा आवाज, भाभी म्हणाल्या, कित्येक दिवसांनी दुकानात गिऱ्हाइकाशी बोलायचे तसा आला. ते दोघं त्याच आठवड्यात गावी गेले.

त्यांचा फोन आला तो याच ऑगस्टमधल्या दुपारचा. वर्ग सुटला होता, टेबलावर कप तसेच पडले होते. मी ‘हॅलो’ म्हणायच्या आत भाभी म्हणाल्या, “गेले, टीचर. आज सकाळी. पडवीत.” आडवळण नाही, तयारी नाही, ‘जरा’ नाही. मागे लाटांचा आवाज येत होता, खरंच इतका लगत, की मला त्या पायऱ्या दिसल्या. मग, माझ्यासाठी म्हणूनच असेल, त्या इंग्रजीत म्हणाल्या, “आय वॉज राइट बिसाइड हिम.” फोन ठेवून मी ढसाढसा रडले, उस्मानभाईंसाठी रडले, आणि त्या लोकरी पट्ट्यासाठीही.

तेवढ्यात माझी मुलगी शिकवणीहून आली. आता आठवीत आहे, माझ्या मराठीला इंग्रजीतून उत्तर देते. खाली बकाल्याचं शटर अजून बंदच बघून आली असावी. दप्तर खांद्यावरून न काढताच तिने विचारलं, “आई, इज उस्मान अंकल गेटिंग बेटर?”

मी डोळे पुसले. तिचं कोवळं, घामेजलेलं तोंड, कपाळाला चिकटलेले केस, उत्तराची वाट बघणारे डोळे. एवढीशी पोर, दमून आलेली, अजून काही खाल्लंही नाही. आणि माझ्या जिभेवर जे पहिलं वाक्य आलं ते शब्दशः दादाचं होतं: जरा बरं नाही.