पिसांची पेटी

नांदेडपासून लातूरपर्यंतच्या साऱ्या मुलखात हार्पसिकॉर्डवर रॅगटाइम वाजवणारा माणूस एकच होऊन गेला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. दुसरा कुणी असेल तर त्यानं पुढं यावं, मी माझं वाक्य मागं घेईन. पण येणार नाही. हार्पसिकॉर्ड म्हणजे काय असं विचारत निघालात, तर अर्धापुरापासून रेणापुरापर्यंत लोक तुम्हाला औषधाच्या दुकानाकडं बोट दाखवतील. लग्नाआधी मीही दाखवलं असतं. दिसायला ती पियानोसारखीच, पण अंगानं किरकोळ अशी लांबट पेटी. पियानोत तारेवर हातोडी पडते, हिच्यात पट्टी दाबली की पक्ष्याच्या पिसाचं टोक तार छेडून जातं. तीनशे वर्षांपूर्वी ती युरोपातल्या राजवाड्यांत वाजायची. आमच्या काळात ती लातुरात, मामांच्या पुढच्या खोलीत वाजायची, आणि मामा तिला सरळ 'पिसांची पेटी' म्हणायचे.

मामा आयटीआयत सुतारकाम शिकवायचे. निवृत्त झाल्यावर लेकीनं त्यांना मोबाइल घेऊन दिला, आणि ते दिवसभर परदेशी सुतारांचे व्हिडिओ बघू लागले. एके दिवशी त्यात एक म्हातारा गोरा दिसला. स्वतःच्या हातानं केलेल्या पेटीवर तो रॅगटाइम नावाचं, पाय नाचवणारं काहीतरी वाजवत होता. मामा खुळावले. मामी मला सांगायच्या, "जावईबापू, गिरणीत दळणाला धाडलं तर तिथंबी तेच बगून राहिले. गव्हाचं पीठ ठेवून कुणाचं तरी ज्वारीचं घेऊन आले!" पुढची चार वर्षं त्या घराला पाहुण्यांची खोली नव्हती. पडलेल्या घरांची सागवानी दारं आणून मामांनी त्यांची पेटी केली. तारा कुठून कुठून मागवल्या. प्रश्न उरला पिसांचा.

कावळ्याचं पीस त्याला उत्तम, असं मामांनी कुठंसं ऐकलं होतं. तेव्हापासून ते सोयऱ्याधायऱ्यांत कुणाचाही दहावा चुकवेनासे झाले. एकदा नांदेडला गोदावरीच्या घाटावर मी त्यांच्यासोबत होतो. सगळे पिंडाकडं डोळे लावून, कावळा कधी शिवतो याची वाट बघत बसलेले, आणि मामा मात्र मान खाली घालून काठाकाठानं फिरत होते. शेजारचे एक आजोबा मला म्हणाले, "किती दुःख झालंय बगा त्या माणसाला. असा सोयरा भेटायला नशीब लागतं." परतताना मी मामांना विचारलं, "गेलेले आपले कोण होते?" मामा खिसा चाचपत म्हणाले, "कोण की! पण कावळे लई जमले होते."

वाजवायला ते मोबाइलवरूनच शिकले. व्हिडिओचा वेग कमी करायचा, बोटांकडं बघायचं, पुन्हा मागं जायचं. तीन वर्षांत चार गाणी बसली. संगीतातल्या एका जाणकार पाहुण्यानं त्यांना समजावलं, की रॅगटाइम हे पियानोचं संगीत. अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी गुत्त्यांत, नाचघरांत वाजवून मोठं केलेलं. राजवाड्यातल्या वाद्यावर ते शोभत नाही. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि ते म्हणाले, "मग बरंच झालं की. राजाच्या पेटीवर कष्टकऱ्याचं गाणं वाजून राहिलंय." मला ते रॅगटाइम असं शिकवायचे: "डावा हात म्हंजे बाप. सडकेनं सरळ चालून राहिलाय. उजवा हात म्हंजे पोरगं. कवा पुढं पळतंय, कवा मागं रेंगाळतंय. बापानं थांबायचं न्हाई, अन् वरडायचंबी न्हाई."

उन्हाळ्यात लाकूड सुकून तारा उतरतात, म्हणून पेटीखाली पाण्यानं भरलेला माठ असे. लातुरात नळाला पाणी आठवड्यानं, कधी दहा दिवसांनी. मामी चिडायच्या, "माणसाला प्यायला न्हाई, अन् लाकडाला माठभर पाणी!" मामा म्हणायचे, "अगं, ते पितंय कुठं? नुसतं बगून राहिलंय." मामींना ते वाजवणं कधीच आवडलं नाही. डब्यात खिळे घालून हलवल्यासारखा आवाज येतो, असं त्यांचं मत. मामा पेटीवर बसले की त्या स्वयंपाकघरात भांडी जरा जास्तच जोरात घासायच्या.

मग मामींना एक मोठा ताप आला. त्या तापातून उठल्या, पण दोन्ही कान गेले. लातूरचे डॉक्टर झाले, नांदेडचे झाले. मशीन लावून पाहिलं, त्यातून नुसती घरघर येई. शेवटी मामांनी दाराच्या खुंटीला एक पाटी अडकवली. बोलायचं ते तिच्यावर लिहायचं. भांडणंही तिच्यावरच. मामा रागानं लिहायला लागले, की वाक्य पुरं व्हायच्या आत मामी पदरानं पुसून टाकायच्या आणि म्हणायच्या, "कळलं, कळलं."

आम्ही हसायचो. पण त्याच दिवसांत एकदा गेलो, तर पेटीवर चादर घातलेली. मामा ओसरीत बसले होते. मी काही विचारायच्या आत म्हणाले, "जावई, ही पेटी लई इमानदार हाय. हळू दाबा, जोरात दाबा, आवाज तेवढाच. पिसानं तार छेडायची, त्याला जोर काय लागतोय? मी लई जोरात दाबून बगितलं. बोटं दुखली." मग म्हणाले, "शिव्या द्यायला तरी तिला ऐकू यायला पाहिजे होतं." त्यांच्या डोळ्यांत पाणी मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

दोनेक महिने पेटी बंद होती. पुढचं मला मामींनीच सांगितलं. एके दिवशी त्यांनी मामांना विचारलं, "ते वाजवणं का सोडलं?" मामांनी पाटीवर लिहिलं, 'तुला ऐकू येत नाही.' मामी म्हणाल्या, "ऐकू येत होतं तवा तरी मी कुठं ऐकत होते? बसा तिथं." आणि चादर त्यांनीच काढली. मामा वाजवू लागले. मामी बाजूला उभ्या राहिल्या, टेकायला म्हणून पेटीवर हात ठेवला, आणि चटकन मागं घेतला. परत ठेवला. "अहो, मुंग्या चालल्यावानी वाटून राहिलंय!"

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी मामा वाजवायचे आणि मामी शेजारी स्टुलावर बसून पेटीवर तळहात टेकवायच्या. इतकी वर्षं नाकं मुरडलेल्या गाण्याची चव त्यांना हाताला कळली. मी समोर बसलो असताना एकदा त्या म्हणाल्या, "आज डावा हात लंगडून राहिलाय तुमचा." मला काहीच जाणवलं नव्हतं. मामा मात्र थांबले आणि माझ्याकडं बघून लहान मुलासारखे हसले. "खरं हाय. खांदा दुखून राहिलाय दोन दिसांपासून."

दुखणं खांद्याचं नव्हतं, हृदयाचं होतं. आठवड्यानं मामांना दवाखान्यात ठेवावं लागलं. मी नांदेडहून गेलो. ते म्हणाले, "जावई, तिला लिहून द्या, रविवारपर्यंत येतो म्हणावं." मी वहीचं पान फाडून ठळक अक्षरांत लिहिलं आणि घरी नेऊन मामींना दिलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि घडी करून कमरेला खोचलं. शुक्रवारी मामा गेले. मामींना सांगायला मी पाटी हातात घेतली, पण लिहायची गरज पडली नाही. त्यांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं, आणि हातातली पाटी काढून पालथी ठेवली. खोटा ठरलेला तो कागद त्यांनी मला कधी परत दिला नाही, मीही मागितला नाही.

तीन महिन्यांनी कामानिमित्त लातूरला गेलो, तेव्हा दुपारी मामींकडं डोकावलो. नेहमीप्रमाणं त्यांनी विचारलं, "गाडी कितीची हाय?" मी चार बोटं दाखवली. चहा झाला. मग त्या म्हणाल्या, "जावईबापू, जरा तिथं बसा अन् वाजवा."

मी हात जोडले, मान हलवली. मला एक सूर येत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

"मला कुठं ऐकू येतंय? नुसतं दाबा," मामी म्हणाल्या, आणि स्टूल ओढून घेतलं.

मी बसलो आणि हाताला येईल ती पट्टी दाबू लागलो. तारा उतरल्या होत्या, काही पिसं अडकत होती. कुणी ऐकलं असतं तर कानांवर हात ठेवले असते. मामींनी तळहात लाकडावर टेकवला आणि डोळे मिटले. चारची गाडी गेली. पाचचीही गेली असावी. त्यांनी हात काढला नाही, म्हणून मीही काढला नाही.