चटईवरच्या मुख्याध्यापिका

मधुकरचा फोन आला तेव्हा आमच्या शाळेत परिपाठ चालू होता. मधुकर म्हणजे माझ्या मैत्रिणीचा, प्रमिलाचा नवरा. हा माणूस स्वतःहून कुणाला फोन करणाऱ्यांतला नाही, त्यामुळे त्याचं नाव दिसताच मी व्हरांड्यात आले. "बाई, प्रमिला गेली," तो म्हणाला, "मण्यार चावली. झोपेत." मागे पोरं सुविचार म्हणत होती. पुढचं सगळं नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. रात्री तिच्या पोटात दुखू लागलं, तिला वाटलं पित्त, म्हणून ओव्याचं पाणी प्यायली आणि पुन्हा आडवी झाली. सकाळी पापण्या उचलेनात, जीभ जड झाली. जीप मिळाली, जीपही जोरात निघाली, पण कल्याणच्या वाटेवरच संपलं. दात कुठे लागले ते शेवटपर्यंत नीट दिसलं नाही. मण्यारीचं असंच असतं, ती चावल्याचं माणसाला कळतही नाही. दर पावसाळ्यात शाळाशाळांत एक सूचनापत्रक येतं, त्यात हे सगळं लिहिलेलं असतं. जमिनीवर झोपू नका, खाट नसेल तर मच्छरदाणी अंथरुणाखाली नीट खोचा. प्रमिला तिच्या शाळेत ते पत्रक मोठ्याने वाचून दाखवायची आणि पोरांकडून दोनदा म्हणून घ्यायची.

तिच्या घरी खाट होती. खाट कसली, चांगला पलंग होता. प्रमिला त्याच्याशेजारी, खाली चटईवर झोपली होती.

आम्ही डी.एड.ला एका खोलीत होतो. ती शहापूरच्या अलीकडच्या एका गावातली, मी शहापुरातलीच. हॉस्टेलच्या त्या करकरणाऱ्या कॉटवर प्रमिला जितकी पसरून झोपायची तितकं पसरून मी आजवर कुणाला झोपलेलं पाहिलं नाही. रविवारी सगळ्या मुली कपडे धुऊन वाळत घालून आल्या तरी हिचा एक पाय कॉटबाहेर लोंबत असायचा. खुर्चीवर बसली की दुसरी खुर्ची पायांना लागायची. पुढे आम्हा दोघींना पहिली नेमणूकही एकाच शाळेत मिळाली, कसाऱ्याच्या आतल्या अंगाला. त्या शाळेत खुर्ची एकच होती आणि ती पाहुण्यांसाठी राखून ठेवा असं केंद्रप्रमुखांनी बजावलं होतं. पाहुणे वर्षातून एकदा यायचे. उरलेलं वर्ष प्रमिला त्या खुर्चीवर बसली. "खुर्चीला सवय राहू दे गो माणसाची," म्हणायची, "नायतर पाहुणा बसल्यावर घाबरंल ती."

हे मुद्दाम सांगते आहे, कारण तिच्या दहाव्याला भाषण करणाऱ्यांपैकी कुणालाही ही प्रमिला माहीत नव्हती.

लग्न होऊन ती धसईकडे गेली. मुरबाड तालुक्यात बदली करून घेतली. मी पहिल्यांदा तिच्या सासरी गेले ते लग्नानंतर काही महिन्यांनी, एका साध्या दुपारी. घर चांगलं होतं. ओटीवर लाकडी खुर्च्या होत्या. मला खुर्चीवर बसवलं आणि प्रमिला चहाचा कप घेऊन उंबऱ्याच्या आत, खाली जमिनीवर बसली. मला वाटलं, घाईत बसली असेल. मी शेजारची खुर्ची ओढली तर तिने डोळ्यांनीच नको म्हटलं. तेवढ्यात तिचे मोठे दीर आले. त्यांना सगळं गाव दादा म्हणतं. त्यांचं घर शेजारीच, पण बैठक या घरात. प्रमिला कप ठेवून उभी राहिली. दादांनी माझी चौकशी केली, शहापूरच्या बाजाराची चौकशी केली, पाऊस किती झाला विचारलं आणि तोवर ती उभीच. दादा सभ्य गृहस्थ आहेत, हे आधीच सांगून टाकते. त्यांनी तिला कधी आवाज चढवून हाक मारलेली मी ऐकली नाही. ते गेल्यावर मी म्हटलं, "पमे, हे काय?" तर म्हणाली, "हिकडं असंच असतं. मोठ्यांसमोर वर नाय बसायचं." मी विचारलं, "सांगितलं कुणी?" ती हसली. "सांगायला लागतं का? तू शहापूरची, तुला नाय कळायचं." जणू शहापूर विलायतेत आहे.

पुढे ती मुख्याध्यापिका झाली. शाळेत फिरती खुर्ची, टेबलावर काच, काचेखाली पोरांचे फोटो. ती खुर्ची तिला शोभायची. गटशिक्षणाधिकारी आले तरी ती बसल्या जागेवरून त्यांना पटसंख्या सांगायची आणि संध्याकाळी घरी जाऊन चटईवर बसायची. घरात सोफा आला तो तिच्याच पगारातून, पण सोफ्यावर ती बसायची घरात कुणी नसताना. अंगणात चपला वाजल्या की उठायची. मी तिला चटईवरच्या मुख्याध्यापिका म्हणायला लागले. तिला राग यायचा नाही. राग आला असता तर बरं झालं असतं, असं मला त्या वेळीही वाटायचं.

एव्हाना मीही बदली होऊन त्याच तालुक्यात आले होते, आणि मग तालुक्याला व्यक्तिमत्त्व विकासाची साथ आली. मुरबाडच्या एका हॉलमध्ये आम्हा शिक्षकांना बसवून, मे महिन्यात कोट घातलेल्या एका वक्त्याने सांगितलं की आपल्याला बांधून ठेवणारी एकच गोष्ट असते, आपली समजूत. त्यावर टाळ्या झाल्या. पंखे बंद होते, ती समजूत नव्हती. मग प्रत्येकाच्या मनगटाला लाल फीत बांधली. आपली एक सवय किंवा एक समजूत मोठ्याने सांगायची आणि फीत कापायची. कात्री एकच, सकाळी उद्घाटनाला वापरलेली. एका गुरुजींनी 'मला माइकवर बोलता येत नाही' असं म्हणून फीत कापली, तेही माइकवर. मी 'अशा कार्यक्रमांना येण्याची सवय' असं म्हणून कापली. वक्ता दिलदार होता, हसला.

या उपक्रमासाठी तालुक्यातून प्रमिलाची निवड झाली. केंद्राकेंद्रांवर जाऊन तिने हे प्रशिक्षण द्यायचं होतं. मी मनातल्या मनात हसले, पण कबूल करायला हवं, ती ते फार छान करायची. तिच्यात त्या कोटवाल्याचा आव नव्हता. ती एखाद्या बाईशेजारी बसून विचारायची, "तुम्हाला नाय जमत, हे तुम्हाला सांगितलं कोणी? नाव सांगा त्याचं." बाई विचार करायची, करायची... आणि पुष्कळदा नाव निघायचंच नाही. सासरे नको म्हणतील म्हणून जी बाई कधी स्कूटी शिकली नव्हती, तिने घरी जाऊन सासऱ्यांना विचारलं, तर सासरे म्हणाले, शीक की, मला दवाखान्यात न्यायला बरं. ही गोष्ट प्रमिला प्रत्येक केंद्रावर रंगवून सांगायची. तिच्यामुळे पाच-सहा बायका खरोखर गाड्या चालवायला लागल्या. एक तर रोज टोकावडे ते मुरबाड जाते. मला तिचा हेवा वाटायचा आणि चीडही यायची, कारण प्रात्यक्षिक म्हणून प्रत्येक वेळी प्रमिला आधी स्वतःची फीत कापायची आणि प्रत्येक वेळी म्हणायची, "चहा." सत्र संपलं की बाहेर येऊन चहा मागवायची.

एकदा अशाच टपरीवर मी म्हटलं, "त्या बाईला विचारतेस तेच स्वतःला विचार की. नाव सांग त्याचं."

"सगळ्यांच्या फिती कापते ना मी? मग."

"तुझी?"

"घरात कात्री कुठं ठेवलीय, सापडत नाय गो," ती म्हणाली आणि बशी ओठाला लावली. विनोद छान होता. मी हसलेही.

पलंग आला तो तिचे गुडघे गेल्यावर. डॉक्टरांनी सांगितलं, जमिनीवर उठबस बंद. तिने मुरबाडच्या बाजारात जाऊन स्वतः पलंग पसंत केला, टेम्पोतून आणला, आतल्या खोलीत मांडला. त्या खोलीत ती आणि तिची सासू झोपायच्या. म्हातारीला रात्री उठताना हात लागायचा. मधुकर पुढच्या खोलीत. मी पलंग बघायला गेले तर त्याच्यावर गोधड्यांची चळत, तपासायच्या उत्तरपत्रिका आणि वर अजून कारखान्याचं प्लॅस्टिक. मी म्हटलं, "हे काय?" तर म्हणाली, "आई खाली झोपतात. मी वर? झोप लागंल का मला?"

"मग त्यांना वर झोपव आणि तू दुसरा घे."

"त्या नाय झोपायच्या वर. त्यांना जमिनीची सवय."

"विचारलंस?"

"त्यात विचारायचं काय?"

तालुक्यातल्या निम्म्या बायकांना 'नाव सांगा त्याचं' विचारणारी बाई ही... तिला काय विचारणार?

दहावा नदीवर झाला. आमच्याकडे दहावा म्हणजे अर्धा विधी आणि अर्धी सभा. कावळा पिंडाला शिवायच्या आधी पुढारी माइकला शिवतात. घाटाच्या तोंडाशी प्रमिलाचा मोठा फलक होता, त्यात तिचा फोटो मध्ये आणि श्रद्धांजली वाहणाऱ्यांचे फोटो भोवती, बहुतेक हसरे. एका नेत्याने सांगितलं की मॅडमनी आयुष्यभर सगळ्या जुन्या समजुती झुगारून दिल्या. दुसऱ्याने सांगितलं की त्यांनी तालुक्यातल्या महिलांना उंच उडायला शिकवलं. तिसऱ्याला उशीर झाला होता, त्याने प्रमिलाला 'प्रतिभाताई' म्हटलं आणि तीच दोन वाक्यं उलट क्रमाने सांगितली. मी बायकांत बसले होते. माझ्या शेजारी ती टोकावड्याची स्कूटीवाली बाई रडत होती. ती एकटीच खरी रडत होती, आणि तिला कुणी बोलायला बोलावलं नाही. माझ्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती, झुगारून दिल्या तर ती खाली का झोपली होती? साप पलंगावर चढत नाही असं नाही, मला ठाऊक आहे. नशिबात असतं तर वरही चावला असता, असं चार जणींनी मला सांगितलंही. पण नशिबाला तेवढे कष्ट तरी पडायला हवे होते.

काही आठवड्यांनी मी पुन्हा त्या घरी गेले. शाळेतला तिचा डबा, चष्म्याची पेटी आणि काचेखालचे पोरांचे फोटो तिथल्या शिक्षकांनी माझ्याकडे दिले होते. आतल्या खोलीत म्हातारी पलंगावर बसली होती. पाय जमिनीला टेकत नव्हते. दुखवट्याला आलेल्या साड्या आणि टॉवेल-टोप्या पायथ्याशी रचून ठेवल्या होत्या.

"मला आता ह्याच्यावरच झोपवतात," ती म्हणाली. "सापाच्या भ्यानं."

"पडायची भीती नाही वाटत?"

"कसली भीती? माझ्या म्हायेरला खाट होती गो. मला खाटंवरच बरं वाटायचं." मग पदर चाचपू लागली. "ती शाळंतनं दमून यायची, खाली पडायची. सून खाली नि मी काय एकटी वर चढून झोपू? लाज वाटंल ना. मला वाटलं तिलाच खाली आवडतं. डाक्टरनं सांगितलंय, हे मला कोण बोललंच नाय..."

पलंग इतकी वर्षं दोघींच्या मध्ये उभा होता आणि दोघी त्याच्या दोन बाजूंना, एकमेकींच्या मानासाठी, जमिनीवर झोपत होत्या.

बाहेर आले तर दादा ओटीवर आले होते. खांदे उतरलेले. मी न राहवून त्यांना विचारलं, "दादा, ती तुमच्यासमोर कधी खुर्चीवर बसली नाही. तुम्ही सांगितलं होतं?"

"मी?" ते खरोखर दचकले. "मी कशाला सांगू, बाई? मला तर वाटायचं, शिकलेली असून रीत पाळते. कौतुक होतं मला. चार लोकांत सांगायचो मी."

"कधी 'बस' म्हणालात?"

मधुकर दारात उभा होता, तो अंगणाकडे बघू लागला. मी त्यांना दोष द्यायला गेले होते, निदान कुणातरी एकाला द्यायला गेले होते. प्रमिलाच्याच पद्धतीने, नाव सांगा त्याचं, म्हणून. तर नाव निघेना. ज्या नियमाखाली ती लग्नापासून वाकली तो नियम त्या घरात कुणाचाच नव्हता. म्हातारीचा नव्हता, दादांचा नव्हता, मधुकरला तर घरात नियम आहे हेही माहीत नव्हतं. तिने तो सासरी आल्या दिवशी हवेतून उचलला, स्वतः पाळला, आणि ज्यांनी घातला नव्हता ते त्याचं कौतुक करत राहिले. एखादा दुष्ट माणूस असता तर ती भांडली असती. भांडायला ती कधी कमी नव्हती.

दहाव्याला तिचा फोटो ठेवायला ओटीवरची एक लाकडी खुर्ची नेली होती. विधी झाल्यावर फोटोसकट खुर्ची परत आणली आणि होती तिथे ठेवली. भिंतीत खिळा ठोकायचा राहिला आहे, असं मधुकर म्हणाला. मला त्याची कुणाला घाई दिसली नाही. फोटोतली प्रमिला शाळेच्या फिरत्या खुर्चीत बसलेली आहे, पाठ टेकवून, हॉस्टेलमध्ये बसायची तशी. चहा आला. मला दुसरी खुर्ची दिली. दादा नेहमीच्या सवयीने त्या खुर्चीकडे वळले, फोटो बघितला आणि थांबले. क्षणभर नुसते उभे राहिले. मग कोपऱ्यातली चटई ओढून त्यांनी खाली बसकण मारली आणि कप हातात धरून बसले. मधुकरही त्यांच्याशेजारी बसला. बस, असं तिला त्या घरात कुणी कधी म्हणालं नव्हतं. आता ऊठ म्हणायला कुणी धजत नाही.