सोळावी गाठ

शाळेतल्या माझ्या कपाटात, शिट्ट्या आणि खडूंच्या डब्यात, हातभर लांबीचा एक पांढरा दोरा आहे. त्याला सोळा गाठी आहेत. पंधरा गाठी साधारण सारख्या अंतरावर, आणि सोळावी जरा लांब, इतकी आवळलेली की नखानेही सुटत नाही. ती सोडवायचा मी प्रयत्न करून पाहिला आहे, हेही सांगून टाकते.

मी पीटीची बाई. भिवंडीत जन्मले, इथेच शिकले, इथेच नोकरीला लागले. आवाज मोठा आणि राग त्याहून मोठा. मुली मागून मला काय म्हणतात ते मला माहीत आहे आणि त्यात फारसं खोटं नाही. एका गोष्टीवरून मात्र मी कुणालाही सोडत नसे, ती म्हणजे चेस्ट नंबर. पिन निघालेली, कागद दुमडलेला, नंबर ओढणीखाली गेलेला दिसला की मी मुलीला रांगेतून बाहेर काढायची. माणूस नंबराने ओळखायचा, चेहऱ्यामोहऱ्याने नाही, हे माझं ठरलेलं वाक्य.

त्याला कारण होतं. बी.पी.एड. करताना आमच्या बौद्धवाड्यातल्या आम्ही दोघी एका वर्गात होतो. ती सावळी, मी गोरटेली. ती मितभाषी, आणि मी कशी ते वर आलंच आहे. तरी एक सर वर्षभर तिचे पेपर माझ्या हातात द्यायचे आणि माझे तिच्या. एकदा मी दाखवून दिलं, तर हसून म्हणाले, तुम्ही दोघी सारख्याच. वर्ग हसला. ती गोष्ट मी वीस वर्षं मनात धरून बसले आणि ज्याला त्याला ऐकवत आले. ऐकणारे कंटाळले, मी कंटाळले नाही.

दोन हिवाळ्यांपूर्वी विभागीय मैदानी स्पर्धा आमच्याकडे आल्या. ठरलेलं मोठं मैदान ऐनवेळी मिळालं नाही, म्हणून आमच्या मातीच्या मैदानावर फक्कीने ट्रॅक आखला. जागा कमी, त्यामुळे एक फेरी दोनशे मीटरची. मुलींची तीन हजार मीटर म्हणजे पंधरा फेऱ्या. चौदा मुली पंधरा वेळा गोल फिरणार, पुढच्या मागच्यांना गाठणार, कोण कितव्या फेरीत आहे हे नुसत्या डोळ्यांनी कळणं अशक्य. म्हणून फेऱ्या मोजणाऱ्यांना तीन-तीन, चार-चार मुली वाटून दिल्या. मुलगी समोरून गेली की तिच्या रकान्यात एक रेघ मारायची. एवढंच काम. मला विभागाच्या स्पर्धेत पहिल्यांदाच पंच म्हणून बोलावलं होतं. नवा ब्लेझर शिवला होता आणि कोटाला लावलेल्या बिल्ल्याकडे मी सकाळपासून चार वेळा बघितलं होतं.

शर्यतीआधी एक गृहस्थ माझ्या टेबलाशी आले. पन्नाशीचे, केसांत आणि भुवयांत कापसाचे तंतू, चपला हातात काढून घेतलेल्या. त्यांची मुलगी धावणार होती. तिच्या शाळेचे सर आले नव्हते, फॉर्मवर सही करून त्यांनी बापालाच पाठवून दिलं होतं. हे कापडाच्या लूमवर कामाला, पाळी दुसऱ्याशी बदलून आलेले. किती जणी राज्याला जाणार, एवढंच त्यांना विचारायचं होतं. मी सांगितलं, पहिल्या दोघी. मग ते हळूहळू बोलते झाले. राज्यापर्यंत पोचलेल्या मुलींना क्रीडा वसतिगृहात घेतात, राहणं, खाणं, शिक्षण सगळं तिथेच, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. घरात त्यांनी बायकोशी तसं ठरवून घेतलं होतं. दोघींत आली तर बारावी वसतिगृहात, नाही आली तर राहनाळला गोडाऊनमध्ये तिच्या मावशीबरोबर कामाला. मुलीलाही ते मान्य होतं. मी म्हटलं, होईल सगळं चांगलं. आपल्याला बोलायला काय लागतं.

माझ्या चार मुलींपैकी दोघी डोक्याला पांढरा स्कार्फ बांधलेल्या होत्या, पूर्ण बाह्यांचा काळा शर्ट, काळी ट्रॅकपँट. एक या गृहस्थांची मुलगी. दुसरी एका उर्दू शाळेची.

आठव्या फेरीपर्यंत माझ्या रेघा बिनचूक होत्या, हे मी आजही छातीठोकपणे सांगते. त्यानंतर धूळ उठली. लांब उडीच्या खड्ड्याकडून कुणीतरी चहा घेऊन आलं, मी कप घेतला. त्याच वेळी ती उर्दू शाळेची मुलगी पलीकडच्या बाजूला, पाण्याच्या टँकरमागे, पाय धरून बसली. मला ते दिसलं नाही. समोरून काळा शर्ट आणि पांढरा स्कार्फ गेला. मी नंबर पाहिला नाही. मी स्कार्फ पाहिला, आणि त्या बसलेल्या मुलीच्या रकान्यात रेघ मारली.

शर्यत छान झाली. वज्रेश्वरीकडची एक काटक मुलगी पहिली आली. तिच्या मागोमाग, दहा-बारा पावलांवर, लूमवाल्यांची मुलगी. रेषा ओलांडून ती गुडघ्यांवर हात टेकून उभी राहिली. मी कागदावर पाहिलं. तिच्या नावापुढे चौदाच रेघा. मी उभी राहून माझ्या त्या मोठ्या आवाजात ओरडले, अजून एक राउंड आहे, थांबू नकोस.

तिने माझ्याकडे पाहिलं. मग कुंपणाकडे, जिथे बाप उभा होता. मग ती धावायला लागली. त्या फेरीत तिची चाल आधीसारखी नव्हती, एकदा थांबून पुन्हा पळायचं म्हणजे पाय दगड होतात. ती सहावी आली.

थोड्या वेळाने ते गृहस्थ टेबलाशी आले. ना आवाज चढवला, ना हातवारे केले. त्यांनी दोरा माझ्यासमोर ठेवला.

"पोरीचे पंधरा पुरे झालेले मॅडम. ही बघा, राउंडला एक गाठ मारलीय. सोळावी तुम्ही पळवलीत ती."

लूमवर धागा तुटला की गाठ मारायची, हे त्यांच्या बोटांना आयुष्यभराचं वळण. सहा-सहा लूम एकटा माणूस सांभाळतो, कुठला धागा कुठे तुटला ते बघत फिरतो. एका मुलीच्या पंधरा फेऱ्या असा माणूस चुकेल कशाला. पण मी दोऱ्याकडे पाहिलं आणि पहिली जी गोष्ट माझ्या मनात आली ती अशी, की सगळ्यांसमोर दोरा घेऊन काय आलात. मी म्हटलं, आमच्याकडे कागद आहे, दोऱ्यावर निकाल लागत नाही. मुख्य पंच शेजारीच होते. त्यांनी नियम सांगितला. हरकत अर्ध्या तासात, लेखी, आणि संघाच्या शिक्षकाच्या सहीने. शिक्षक तर आलेच नव्हते. ते गृहस्थ म्हणाले बरं, आणि दोरा तिथेच ठेवून मुलीकडे गेले.

पाचेक मिनिटांनी ती उर्दू शाळेची मुलगी लंगडत नंबर परत द्यायला आली. शर्यत सोडलेल्यांनी किती फेऱ्या केल्या ते लिहावं लागतं, म्हणून मी विचारलं. ती म्हणाली, आठ झाले आणि पाय वळला. माझ्या कागदावर तिच्या नऊ होत्या.

मला तिथल्या तिथे सगळं कळलं. हातच्या काकणाला आरसा कशाला. अर्ध्या तासातली वीस मिनिटं उरली होती. आणि हेही मला पक्कं माहीत होतं, की मोजणाऱ्याने स्वतः चूक सांगितली तर ना अर्ज लागतो, ना कुणाची सही. मुख्य पंच चार हातांवर चहा पीत होते. मी उठून जायचं होतं आणि एक वाक्य बोलायचं होतं.

मी बोलले नाही. तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. त्या वीस मिनिटांत मी काय विचार केला ते आता पुष्कळ सोवळं करून सांगता येईल. दुसरी ठरलेली मुलगी मैत्रिणींच्या गळ्यात पडून रडत होती, तिचं हिरावून कसं घ्यायचं, असंही वाटलं, नाही असं नाही. पण खरी गोष्ट वेगळी होती. पंचांच्या त्या टेबलावर आमच्यातली मी एकटी होते. चूक झाली तर ती माझी राहणार नव्हती, "ह्यांना बोलावलं की असंच होतं" अशी होणार होती. हे मी कुणाच्या तोंडून त्या दिवशी ऐकलं नव्हतं. वीस वर्षं मीच ते स्वतःला ऐकवत आले होते, त्यामुळे दुसऱ्या कुणी म्हणायची गरजच नव्हती. मी त्या मुलीच्या आठाचा नऊ तसाच राहू दिला आणि सही केली. मग माइकवर निकाल वाचला गेला. मी टाळ्याही वाजवल्या.

निघताना टेबलावरचा दोरा उचलून मी पर्समध्ये टाकला. फेकून द्यायचा होता, पण तो हातून फेकला गेला नाही.

त्यानंतरचं वर्ष वाईट गेलं. वरवर काही झालं नाही. नवऱ्याला वाटलं पाळी जायचं वय आलं म्हणून चिडचिड होते. मला लाज वाटत होती, दुसरं काही नाही. नंबराची पिन निघालेली दिसली की मी मुलींवर पूर्वीपेक्षा जास्त खेकसायची आणि मग वर्गात येऊन गप्प बसायची. आमच्या गल्लीत चारी बाजूंनी लूम आहेत. जन्मापासून तो खटखटाट ऐकत आलेय, त्या वर्षी पहिल्यांदा तो मला सहन होईना. सरांची ती जुनी गोष्ट मी कुणालाही सांगेनाशी झाले.

मग पुढच्या हिवाळ्यात स्पर्धांचं पत्र आलं. त्यात माझी नेमणूक होती, फेऱ्या मोजायला, आणि नावापुढे लिहिलं होतं, अनुभवी. ते वाचून मी पत्र चुरगळलं. मग पुन्हा सरळ केलं, कारण शाळेच्या फाइलला लावायचं होतं. मी नेमणूक नाकारल्याचं लिहून दिलं. सोबत दुसरं एक पत्र जोडलं, मागच्या वर्षी नक्की काय झालं त्याचं. दोन्ही पाठवली. उत्तर एकाच पत्राचं आलं, की नेमणूक रद्द करण्यात येत आहे.

मुलीच्या घराचा पत्ता स्पर्धेच्या जुन्या प्रवेशअर्जावर होता. शुक्रवारी लूम बंद असतात, म्हणून शुक्रवारीच गेले. खाली कारखाना, वर दोन खोल्या. मुलीच्या आईने मी कोण ते न विचारताच चहा टाकला. गृहस्थांनी मात्र मला दारातच ओळखलं. मुलगी कामावर होती, राहनाळला, यायला तासभर होता.

मी त्यांना सगळं सांगितलं. टँकर, चहा, आठाचे नऊ, ती वीस मिनिटं. दोरा परत द्यायला पर्समधून काढला. त्यांनी तो घेतला नाही.

"मला ठाव होतं," ते म्हणाले. "गाठ खोटी न्हाय बोलत. पण पोरगी बोलते मीच चुकले मोजायला. तवापास्नं पळाली न्हाय. तुम्ही तिला सांगा, मला नको."

वसतिगृहाचं त्यांनी काही काढलं नाही. त्यांनी मला दोन शिव्या दिल्या असत्या तर मी जरा हलकी होऊन घरी गेले असते, आणि मला वाटतं, ते त्यांनाही कळत होतं.

मुलगी आली तेव्हा गळ्यात गोडाऊनचं ओळखपत्र होतं. त्यावर मोठा नंबर छापलेला. डब्याची पिशवी खाली ठेवून ती बापाच्या शेजारी उभी राहिली, बस म्हटलं तरी बसली नाही. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं, तसं झालं नाही. मी म्हटलं, तुझी मोजणी बरोबर होती. तू दुसरी आली होतीस. चूक माझी होती आणि ती त्याच दिवशी मला कळली होती.

ती रडली नाही, रागावलीही नाही. नीट सगळं समजून घ्यावं तसे तिने प्रश्न विचारले. दुसरी आले म्हणजे राज्याला गेले असते का? मी हो म्हटलं. आता ते बदलतं का? मी नाही म्हटलं. मग तिने विचारलं, माझा राउंड तुम्ही कुणाला लावला होता?

मी सांगितलं, तुझ्यासारखाच स्कार्फ होता तिचा, त्या उर्दू शाळेच्या मुलीला. धुळीत मला तुम्ही दोघी सारख्याच दिसलात.

हे बोलताना ते शब्द माझ्या कानांनी ओळखले. मुलगी माझ्याकडे बघत होती, त्या दिवशी रेषेवर उभी राहून बघितलं होतं तशीच.

"ती माझ्यापेक्षा वीतभर उंच हाय, मॅडम," ती म्हणाली.