लाल दोऱ्याचं चित्र

चित्रकार जुन्या चित्रांवरच नवी चित्रं काढायचा. विकत घेणारं कुणी नव्हतं. लोक यायचे, मान वाकडी करून हे नक्की काय आहे हो, असं विचारायचे आणि चहा पिऊन जायचे. मग वर्षा-दोन वर्षांनी ते चित्र पांढऱ्या रंगाखाली. जुनं चित्र दिसलं की पुसवत नाही, म्हणून पठ्ठ्या चष्मा काढून पांढरा हात मारायचा.

एका चित्राला मात्र हात लावायचा नाही. लेक तापाने गेली त्या आठवड्यातलं ते. ना चेहरा, ना फ्रॉक. नुसता करडा रंग आणि खाली कोपऱ्यात जरासा पिवळा. बायकोने त्याच्या चौकटीला मागून लाल दोरा बांधला होता, खूण म्हणून. तीस वर्षं रोज दुपारी भांडी आवरली की ती त्याच्यासमोर बसायची. चांगलं की वाईट, एक अक्षर कधी बोलली नाही.

पाय मोडून ती दवाखान्यात गेली. ती परत येईल तेव्हा खोली लख्ख दिसावी म्हणून या शहाण्याने साफसफाई काढली. ते चित्र उतरवून इतर चित्रांत टेकवलं आणि दोरा मळलाय म्हणून सोडून धुवायला घेतला. अरे बाबा, दोरा कशाला सोडायचा? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. दोन दिवसांनी घर खायला उठलं, तसं त्याने काम काढलं. चष्मा काढला, हाताला लागली ती चौकट ओढली आणि पांढरा रंग फासला. लेकीचं चित्र परत टांगायला गेला तेव्हा कळलं, पांढरं केलं ते तेच. रंग कधीच वाळला होता. तो तिथेच खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला.

मग चार दिवस जेवणखाण विसरून त्याने तेच चित्र पुन्हा काढलं. करडा तोच, पिवळा तोच, कोपराही तोच. शेजारीण म्हणाली, काडीचा फरक नाही.

बायको काठी टेकत आली आणि आपल्या जागी बसली. बराच वेळ बघत राहिली.

"छान झालंय," ती म्हणाली.

 धुतलेला दोरा त्याच्या मुठीतच होता. बांधू का, असं त्याने हळूच विचारलं.

"नको," ती म्हणाली. "हे पुसलंत तरी चालेल."