खुराडं जागेवरच होतं

कोंबड्या पाळायचा नियम आमच्या धुळ्याच्या कॉलनीत कुणी डोळ्यांनी पाहिला नव्हता. तो फक्त शेजारच्या काकांना पाठ होता. काका निवृत्त अधिकारी, सोसायटीचे अध्यक्ष. भाजी आणायला निघाले तरी वाटावं, जप्तीला चाललेत. खुराडं बंदिस्त हवं आणि शेजाऱ्याच्या घरापासून पंधरा फूट लांब हवं, नगरपालिकेचा नियम आहे, असं त्यांनी सांगितलं. आम्ही ऐकलं. ऐकायलाच जन्माला आलो होतो ना आम्ही.

कोंबड्या माझ्या फुईच्या. फुई म्हणजे वडिलांची थोरली बहीण. नवऱ्यानं दुसरी आणली तेव्हा ती सोनगीरहून आमच्याकडे आली, एका हातात बोचकं आणि दुसऱ्या हातात कोंबडी घेऊन. आमच्या घरात भांडी आईची, कपाट वडिलांचं, गादी पाहुण्यांची. फुईचं म्हणावं असं परसातलं खुराडं तेवढं होतं. नियम कळल्यावर तिनं त्याला जाळी मारून घेतली, वडिलांनी टेप धरून अंतर मोजलं आणि खुराडं पंधरा फुटांपलीकडे लिंबाखाली गेलं. विषय मिटला, असं आम्हा खुळ्यांना वाटलं.

दिवाळीनंतर काकांनी मागच्या अंगाला एक खोली वाढवली, थेट कुंपणाच्या भिंतीला टेकवून. तिला परवानगी होती का, हे विचारायची कुणाची छाती? खोली उभी राहिली आणि काका टेप घेऊन हजर. म्हणे, खुराडं आता नऊ फुटांवर आलंय. अहो, खुराडं जागेवरच होतं, तुमचं घर चालत आलं! हे मी त्यांच्या तोंडावर म्हणाले, तर वडिलांनी मलाच आत जायला सांगितलं. आणि काकांच्या नातवासाठी गावठी अंडी दर रविवारी ह्याच खुराड्यातून भिंतीवरून जायची, तेव्हा कुणाला फूट आठवत नव्हते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

फुई भांडली नाही. तिची कोंबडी खुडूक होऊन पाटीत अंड्यांवर बसली होती. बसलेली कोंबडी हलवायची नाही, हलवली की ती अंडी सोडते, हे तिच्या गावात शेंबडं पोरही जाणतं. पिल्लं निघायला दोनच दिवस उरले होते. त्या गुरुवारी सकाळी तिनं एक अंडं माझ्या कानाला लावलं, तर आतून खरंच बारीक चिवचिव आली. तशीच ती काकांकडे गेली.

"पिल्लं मजार बोली ऱ्हायनात, भाऊ," ती म्हणाली. "दोन दिन थांबा."

पिल्लं आत बोलताहेत, एवढंच ती सांगत होती. काका म्हणाले, नियम थांबत नसतो. उद्या नगरपालिकेचा माणूस येईल, आणि तुमच्या भावाच्या ऑफिसातही कळवावं लागेल.

वडील सरकारी कारकून. काकांपुढे त्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली, आणि दुपारी फुई गिरणीवर दळण घेऊन गेली तशी पाटी, कोंबडी, अंडी सगळं उचलून परसाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवलं. सहा फुटांसाठी. आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. कोंबडी पाटीतून उठली ती उठलीच. फुईनं तिला पुन्हा जुन्या जागी आणलं, अंड्यांवर बसवलं, वरून टोपली झाकली, गोंजारलं. ती बसेना. पौषातली थंडी होती. शेवटी फुई ती अंडी लुगड्यात पोटाशी धरून चुलीजवळ बसून राहिली. आई जेवायला बोलावत होती, फुई उठली नाही. सकाळपर्यंत एकेक अंडं गप्प झालं.

रविवारी काका भिंतीपाशी आले, नातवासाठी अंडी मागायला. जनाची नाही तर मनाची तरी! फुईनं तीच पाटी आणली आणि एक अंडं त्यांच्या हातावर ठेवलं.

"कानले लावा," ती म्हणाली.

काकांनी गोंधळून लावलं.

"काही आयकू येस का?"

काका म्हणाले, नाही.

"गुरुवारले येत व्हतं."

काकांनी अंडं भिंतीवर ठेवलं आणि ते आत गेले. वडील मागे उभे राहून हे सगळं बघत होते. फुईनं पाटीतलं दुसरं अंडं काढून त्यांच्या हातात दिलं. वडिलांनी हात कानाच्या दिशेनं अर्धा उचलला आणि तिथंच थांबवला. तेवढं काही त्यांच्यानं झालं नाही.